ओलावा मोजणाऱ्या यंत्राला कोण मोजणार?

  आज बोलायचंय ते एका लहानशा यंत्राबद्दल. आडतीच्या गाळ्यावर, खेडा खरेदीच्या टेम्पोत, हमीभाव केंद्राच्या टेबलावर ते असतं. मूठभर दाणे त्यात टाकतात, बटण दाबतात आणि आकडा येतो. त्याला कुणी मॉइश्चर म्हणतं, कुणी नुसतंच ‘हवा’ म्हणतं. “ताई, तुमच्या मालात हवा सोळा आहे,” असं म्हटलं की आपला भाव तिथेच खाली येतो. काटा तर अजून लागायचाच असतो.

काट्याबद्दल आपण आता हुशार झालोय. काटा शून्यावर आहे का ते बघतो, शिक्का बघतो, पोतं टाकताना हमालाचा पाय काट्यावर नाही ना, तेही बघतो. ही हुशारी आपोआप आलेली नाही. काट्यामागे कायदा आहे. वैध मापन शास्त्राचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. त्याच्याही आधीपासून वजनमापाचे कायदे होतेच. निरीक्षक येतो, काटा तपासतो, सील लावतो, प्रमाणपत्र देतो आणि ते दुकानात दिसेल असं लावावं लागतं. इलेक्ट्रॉनिक काट्याची ही तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते. म्हणून वजनात मारलेला किलो आपल्याला दाखवता येतो, त्यावर भांडता येतं.

पण तोच किलो ओलाव्याच्या नावाखाली गेला तर?

आकड्यांतच बघू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता आणि ओलावा १२ टक्के धरला होता. समजा तुमच्या मालात खरा ओलावा १४ आहे. म्हणजे शंभर किलोत १४ किलो पाणी आणि ८६ किलो कोरडा माल. हाच माल १२ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवला तर त्याचं वजन भरेल ९७ किलो ७३० ग्रॅमच्या आसपास. घट सव्वादोन किलोंची, पैशांत १२१ रुपये. इथवर कुणाची तक्रार नाही. पाण्याचे पैसे व्यापाऱ्याने का द्यावेत?

आता यंत्राने १४ च्या जागी १६ दाखवलं. त्या हिशोबाने घट साडेचार किलोंची होते, पैशांत २४२ रुपये. म्हणजे दोन आकडे चुकले की क्विंटलमागे १२१ रुपये गेले. वीस क्विंटल माल असेल तर दोन हजार चारशेच्या वर. आपल्या गटात महिन्याला शंभर रुपये बचत टाकणारी बाई दोन वर्षांत एवढे जमवते. आणि यात कुणी चोर असायलाच हवा असंही नाही. यंत्र जुनं असेल, भांड्याला धूळ चिकटली असेल, सेल उतरला असेल. व्यापाऱ्यालाही ते कळलेलं नसेल. पण पैसे आपलेच गेले.

या हिशोबातून एक आकडा ध्यानात ठेवा. बारावरून वर जाणाऱ्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे साधारण १ किलो १४० ग्रॅम एवढीच घट रास्त आहे. कुणी टक्क्याला एक किलो कापला तर तो व्यवहार बरा म्हणायचा. दीड किलो, दोन किलो कापायला लागला तर विचारा, की हे वरचं कशाचं? वाळवायची मजुरी लावायची असेल तर ती वेगळी सांगा. ओलाव्याच्या पोटात घालू नका.

आणि दुसरी बाजू कुणी बोलतच नाही. माल परत येईल या धास्तीने आपण तो जास्तच वाळवतो. ताडपत्रीवर चार-चार दिवस, दर तासाला पायाने पाभारी ओढत, ऊन डोक्यावर घेत. माल ९ टक्क्यांवर गेला तर त्या शंभर किलोत ९१ किलो कोरडा माल असतो. बारा टक्क्यांच्या हिशोबाने तो १०३ किलो ४०० ग्रॅमच्या बरोबरीचा झाला. हे वरचे तीन किलो चारशे ग्रॅम आपल्याला कोण मोजून देतं? कुणीच नाही. ओला निघाला तर कापायचे आणि कोरडा निघाला तर गप्प बसायचं. यंत्राला दोन्हीकडचं दिसतं, पट्टीवर मात्र एकच बाजू उतरते. वाळवण्याचं काम घराघरांत बाईचं असतं, म्हणून हे तीन किलो बाईच्याच उन्हातले आहेत असं मी धरते.

आता हे यंत्र करतं तरी काय? नाव ओलावा मोजायचं, पण खरं सांगायचं तर ते पाणी मोजतच नाही. त्याच्या भांड्यात धातूचे भाग असतात, त्यांच्यामध्ये दाणे बसतात आणि त्यांतून विजेचा अगदी बारीक खेळ चालतो. कोरडा दाणा विजेला फारशी साथ देत नाही, पाणी भरपूर देतं. त्या फरकावरून यंत्र अंदाज बांधतं, की एवढी साथ मिळाली म्हणजे ओलावा अमुक असणार. जुनी फिरकीची यंत्रं दाणे दाबून त्यांतून वीज किती सहज जाते ते बघतात, नवी हातातली बहुतेक यंत्रं दुसऱ्या रीतीने बघतात. पण दोन्ही शेवटी अंदाजच सांगतात.

खरा ओलावा कळतो तो भट्टीत. प्रयोगशाळेत गहू-ज्वारीसारखं धान्य दळून, अगदी थोडं, पाचेक ग्रॅम पीठ नेमकं तोलतात. ते १३० अंशांच्या भट्टीत दोन तास ठेवतात आणि पुन्हा तोलतात. जेवढं वजन उतरलं तेवढं पाणी होतं. यात यंत्राच्या मताला जागा नाही, साधी वजाबाकी आहे. अशा भट्टीत तपासलेल्या पुष्कळ नमुन्यांवरून मीटरला शिकवलेलं असतं, की सोयाबीन असं वागलं तर इतके टक्के समज, गहू असा वागला तर इतके समज. या शिकवणीला कॅलिब्रेशन म्हणतात. एकदा शिकवलं म्हणजे जन्मभर पुरलं, असं नसतं. यंत्राचे भाग झिजतात, ते हातातून पडतं, धान्याच्या नव्या जाती येतात.

हा शब्द आपल्या भागाला नवा नाही. नागापूरच्या एमआयडीसीत ज्यांचा मुलगा, दीर, नवरा कामाला आहे त्यांनी घरी विचारून बघा. कारखान्यात साध्या मोजपट्टीला, दाब दाखवणाऱ्या घड्याळालाही चिठ्ठी चिकटवलेली असते. तपासलं कधी, पुन्हा तपासायचं कधी, दोन्ही तारखा त्यावर असतात. तारीख उलटलेल्या मापाने काम केलं तर साहेब माल परत करतो. रस्त्याच्या एका बाजूला नटबोल्टसाठी एवढी काळजी आणि दुसऱ्या बाजूला वर्षाच्या पिकासाठी विनातारखेचं यंत्र!

मग सरकारने यात काही केलंय की नाही? सुरुवात केली आहे. वजनमापाच्या कायद्यात प्रत्येक यंत्राचं वर्णन नियमांत असावं लागतं. ते कसं असावं, किती चुकलेलं चालेल, तपासायचं कसं. काट्याचं होतं, पेट्रोल पंपाचं होतं, रिक्षाच्या मीटरचंही होतं. धान्याच्या ओलावामापकासाठी असे नियम आणण्याचा मसुदा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२४ मध्ये लोकांपुढे ठेवला. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारमान्य तपासणी केंद्रांचे नियम बदलले. ही केंद्रं खासगी असू शकतात, सरकारची मान्यता घेऊन मापं तपासून देतात. त्यांनी तपासायच्या यंत्रांची यादी वाढवून १८ प्रकारांची केली आणि त्या यादीत ओलावामापकाचं नाव आहे. तपासणाऱ्या निरीक्षकांची संख्या मोजकी आणि यंत्रं गावोगाव, तेव्हा अशी केंद्रं लागणारच. जगात यासाठी वेगळी शिफारसही फार पूर्वीपासून आहे. मापांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं ५९ नंबरचं पुस्तक धान्य आणि तेलबियांच्या ओलावामापकावरच आहे. अमेरिकेत अनेक राज्यांचे वजनमापवाले भट्टीत तपासलेले धान्याचे नमुने बरोबर घेऊन खरेदीच्या कोठारांवर जातात, तिथल्या मीटरमध्ये ते टाकतात आणि आकडा जुळला तरच मीटर चालू ठेवू देतात.

मला वाटतं नियमाचा खरा कस इथेच लागेल. काटा तपासायला लोखंडी वजन पुरतं. वीस किलोचं वजन आज वीस किलोचं, उद्याही वीसच. ओलाव्याचं असं वजन नसतं. ठरावीक ओलाव्याचं सोयाबीन डब्यात सांभाळून आणावं लागतं आणि डबा उघडला की त्याची हवा बदलायला लागते. म्हणून नुसतं सील ठोकून हे काम व्हायचं नाही. भट्टी असलेली जागा जवळ हवी. आपल्याकडे राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, बाभळेश्वर आणि दहिगाव-ने इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. हंगामाच्या आधी बाजार समितीने आपल्या हद्दीतली सगळी मीटरं एक दिवस गोळा करून एकाच नमुन्यावर लावून बघायला काय हरकत आहे? खर्च फारसा नाही, इच्छेचा प्रश्न आहे.

२०२४ च्या खरिपात काय झालं ते आठवा. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारातले भाव त्याच्या बरेच खाली. सगळ्यांना केंद्रावर माल घालायचा होता. परतीच्या पावसाने माल ओला आणि अट १२ टक्क्यांची. गाड्याच्या गाड्या परत गेल्या. ओरड झाली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये केंद्राने १५ टक्क्यांपर्यंतचा माल घ्यायला परवानगी दिली. चांगलं झालं. पण त्या सगळ्या गोंधळात चर्चा झाली ती बारा की पंधरा याची. तो बारा किंवा पंधरा दाखवणारं यंत्र बरोबर आहे का, हे विचारणारे थोडेच. अट तीन टक्क्यांनी सैल झाली आणि यंत्र दोन टक्के वर दाखवत असेल तर हातात उरला एकच टक्का.

आपल्या गटातल्या एका ताईंचं सोयाबीन गेल्या वर्षी एका ठिकाणी साडेपंधरा लागलं. त्यांनी गाडी खाली केली नाही, दुसऱ्या गाळ्यावर नेली, तिथे तेरा आलं. त्याच दिवशी, तासाभरात. नावं घेण्यात अर्थ नाही, कारण दोघांपैकी कोण खरं हे सांगायला तिथे तिसरा कुणी नव्हता. तेरावाल्याने भाव जरा कमी सांगितला, ते वेगळंच.

तेव्हा पक्के नियम गाळ्यापर्यंत पोचेतोवर आपल्या हातात काय आहे ते बघू.

पहिलं म्हणजे घरून निघताना अंदाज घेऊन निघा. दाताखाली दाणा धरला की कट्कन फुटतो की चावतो हे आपल्याला आज्जीपासून ठाऊक आहे. त्याला जोड म्हणून मिठाची परीक्षा करा. काचेची बरणी अगदी कोरडी करून घ्या. मीठ तव्यावर भाजून, गार करून घ्या. बरणीत दाणे पाव-अर्ध्यापर्यंत भरा, चमचा-दोन चमचे मीठ टाका, झाकण घट्ट लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि थोडा वेळ ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ च्या वर आहे. खाली मोकळं पडलं तर त्याच्या आत आहे. याने बारा की तेरा ते कळत नाही, पण कुणी “अठरा आहे” म्हणाला तर तुम्ही गप्प बसणार नाही.

दुसरं, धान्य गाडीतून उतरल्या उतरल्या मीटरमध्ये टाकू देऊ नका. दुपारच्या उन्हात तापलेल्या पोत्यातला दाणा गरम असतो आणि गरम दाणा ओलावा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. चांगली यंत्रं ऊब मोजून आकडा सुधारून घेतात, पण त्यांनाही भांडं आणि दाणा सारखे गार व्हायला वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटं सावलीत ठेवा. पहाटेच्या दवाने पोत्याचा वरचा थर भिजलेला असेल तरी आकडा चढतो. आणि बटण कशाचं दाबलंय ते बघा. गव्हाच्या बटणावर सोयाबीन मोजलं तर आलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. हे मुद्दाम होतं असं मी म्हणत नाही, घाईत होतं.

नमुना कुठून घेतला हे तर फार मोठं. एका कोपऱ्यातल्या, खालच्या पोत्यातली मूठ म्हणजे अख्खी गाडी नव्हे. चार-पाच पोत्यांना परखी लावा, वरचं, मधलं, तळाचं असं घ्या, एका घमेल्यात कालवा आणि त्यातलं मोजा. एकदा नाही, तीनदा. दर वेळी भांडं रिकामं करून, पुसून, पुन्हा भरून. तीन आकडे जवळजवळ आले तर त्यांची सरासरी धरा. एकदा तेरा, एकदा पंधरा, एकदा साडेतेरा असं येत असेल तर त्या यंत्रावर त्या दिवशी व्यवहार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन यंत्रांची तुलना करायची असेल तर नमुना चांगला कालवून हवाबंद पिशव्यांत सारखा भरा, पिशवीला गाठ घट्ट मारा आणि त्याच दिवशी वेगवेगळ्या ठिकाणी दाखवा. उघडी वाटी घेऊन फिरलात तर वाटेतच ओलावा बदलेल आणि भांडण फुकट जाईल.

ज्या गटांची उत्पादक कंपनी झालीय किंवा जे एकत्र माल विकतात त्यांनी स्वतःचा मीटर घ्यायला हरकत नाही. पण घेताना दुकानदाराला विचारा, आपल्या पिकांची बटणं यात आहेत का, कॅलिब्रेशनचा कागद देणार का, पुढच्या वर्षी तपासून कोण देणार. कागद नसलेला मीटर म्हणजे आपल्याकडेही तेच विनातारखेचं यंत्र आलं. आणि घेतल्यावर हंगामाच्या सुरुवातीला एकदा तरी भट्टीत तपासलेल्या नमुन्याशी ताडून बघा. पिकापिकाची अट वेगळी असते हेही मीटरच्या डब्यावर लिहून चिकटवा. सरकारी खरेदीत सोयाबीन आणि तूर १२, ज्वारी, बाजरी, मका आणि हरभरा १४. आपल्या दक्षिण भागातल्या मैत्रिणींना तुरीचं आणि ज्वारीचं जास्त उपयोगी पडेल.

आणि घाई नसेल तर माल दाबून ठेवायचीही वाट आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालते. सोयाबीन, तूर गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते, व्याज वर्षाला ६ टक्के, मुदत १८० दिवस. पण गोदामात ठेवतानाही ओलावा बघतात, तेव्हा यंत्राचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

शेवटी कागदाचं. पट्टीवर वजन येतं, भाव येतो, हमाली येते, तोलाई येते. ओलाव्याचा आकडा मात्र बहुतेक वेळा येत नाही, तो नुसता तोंडी असतो आणि कपात भावात मुरवलेली असते. तोंडी आकड्यावर तक्रार होत नाही. म्हणून दर वेळी एवढंच म्हणा, “भाऊ, मॉइश्चर किती लागलं आणि त्यापोटी किती किलो धरले ते पट्टीवर लिहा.” बाजाराला पुरुष माणूस जात असेल तर त्याला सांगून पाठवा. पट्टी घरी आली की त्या १ किलो १४० ग्रॅमच्या हिशोबाने ताडून बघा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. तारीख, पीक, घरी मिठाने काय दिसलं, बाजारात काय लागलं, किती कापलं. दहा-बारा बायांच्या एका हंगामाच्या नोंदी एकत्र आल्या की कुठला आकडा सारखा वर जातोय ते आपोआप दिसेल.

मग तो कागद घेऊन ग्रामसभेत ठराव करा आणि बाजार समितीच्या सचिवांना लेखी द्या, एक प्रत जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयाला. अर्जात लांबलचक लिहायची गरज नाही. एवढं पुरे: “आपल्या आवारात धान्याचा ओलावा मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सर्व यंत्रांची हंगामापूर्वी भट्टीत तपासलेल्या नमुन्यावर पडताळणी करावी, पडताळणीची तारीख यंत्रावर लावावी आणि वादासाठी एक तपासलेलं यंत्र समितीच्या कार्यालयात ठेवावं. ओलावा व त्यापोटीची कपात हिशोबपट्टीवर लिहिणं सक्तीचं करावं.” खाली गटातल्या सगळ्यांच्या सह्या, ज्यांना येत नाही त्यांचे अंगठे. पोच घ्यायला विसरू नका, तारखेच्या शिक्क्यासह.